हुज्जतखोर म्हणजे कोण? शब्दाचा अर्थ, मूळ आणि कोकणातला वापर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाभोळ खाडीच्या पट्ट्यातल्या लोकांचे अर्ज, हरकती, जबाब लिहून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतो. समोर बसलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत एकदा तरी म्हणतो, "तो हुज्जतखोर आहे हो, तेवढं लिहा." आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी तो 'हुज्जतखोर' माझ्याकडे येतो आणि पहिल्याबद्दल तेच सांगतो. त्यातून या शब्दाबद्दल मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

हुज्जतखोर म्हणजे नेमकं काय?

उगीच वाद वाढवत राहणारा. मूळ मुद्दा संपला तरी त्याचं संपत नाही. एक उत्तर मिळालं की तो दुसरा फाटा काढतो, तो बुजवला की तिसरा. 'हुज्जत' हे नाम स्त्रीलिंगी आहे आणि ती 'घातली' जाते. हुज्जत करतात किंवा हुज्जत मांडतात असं आपण सहसा म्हणत नाही. आपल्या भाषेत वाद घालतात, गोंधळ घालतात, धिंगाणा घालतात, त्याच रांगेत हुज्जत बसते. भांडण मात्र काढलं जातं, उकरलं जातं, कज्जा मांडला जातो. कुठल्या शब्दाला कुठलं क्रियापद लागतं एवढं ऐकलं तरी माणूस मराठीत वाढलेला आहे की नाही ते समजतं.

हुज्जतीत मारामारी नसते. आवाज चढलेला असेलच असंही नाही. मी पाहिलेले काही पक्के हुज्जतखोर अगदी हळू बोलतात.

हा शब्द मराठीत कुठून आला?

अरबीतून, फारसीच्या वाटेने. अरबीत 'हुज्जा' म्हणजे पुरावा, सिद्धता, समोरच्याला गप्प करणारं प्रमाण. फारसीत त्याचं 'हुज्जत' झालं आणि फारसी ही दक्षिणेतल्या सुलतानांच्या दफ्तराची भाषा असल्यामुळे तो शब्द आपल्याकडे आला. हज यात्रेतला 'हज' आणि हा शब्द अरबीत एकाच धातूच्या मुळाक्षरांवर उभे आहेत.

तिकडे या शब्दाला किती मान आहे पाहा. ११११ साली वारलेले विद्वान अल-गझाली यांना 'हुज्जत-उल-इस्लाम' म्हणजे इस्लामचं प्रमाण अशी पदवी होती, आणि इराणमध्ये आजही धर्मपंडितांच्या नावाआधी ती लावतात. तुर्कस्तानच्या उस्मानी राज्यात काजीच्या न्यायालयातून मिळणाऱ्या दस्ताला याच शब्दाचं तुर्की रूप वापरत. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ हातातला कागद असा होता, तो आपल्याकडे कागद नसताना केलेल्या बडबडीचं नाव झाला.

आणि 'खोर'?

'खोर' हा फारसी प्रत्यय आहे, 'खुर्दन' म्हणजे खाणे या क्रियापदापासून आलेला. लाच खाणारा तो लाचखोर, व्याजावर जगणारा तो व्याजखोर, हरामाचं खाणारा तो हरामखोर. पुढे खाण्याचा अर्थ पुसट झाला आणि 'त्या गोष्टीची खोड असलेला' एवढाच राहिला. त्यामुळे बंडखोर, चिडखोर, घुसखोर असे शब्द मराठी लोकांनी बिनदिक्कत केले. हुज्जतखोर म्हणजे शब्दशः हुज्जत खाणारा. मला तो अर्थ अजून जिवंत वाटतो. काही माणसांचं जेवण खरंच त्याशिवाय पचत नाही.

पुराव्याचा शब्द भांडणावर का घसरला?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण एकटी हुज्जत घसरलेली नाही. न्यायाच्या दारात उभे असलेले बरेच शब्द तसेच घसरत आले आहेत.

'तक्रार' घ्या. अरबीत तिचा अर्थ पुनरावृत्ती, तेच पुन्हा म्हणणं. उर्दूत तिचं भांडण झालं आणि मराठीत ती गाऱ्हाण्याच्या अर्थाने स्थिरावली. तलाठ्याकडे चार वेळा खेटे घातलेल्या माणसाला तक्रार आणि पुनरावृत्ती यांचं नातं समजावून सांगावं लागत नाही. 'फिर्याद' हा मुळात फारसीत आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. 'कज्जा' अरबी 'कझिया'वरून आला, म्हणजे निवाड्यासाठी आलेलं प्रकरण, आणि त्याचं आणि 'काजी'चं मूळ एकच. 'मुद्दा' आणि 'दावा' हे दोघे सख्खे भाऊ. ज्याचा दावा केला तो मुद्दा.

शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तो दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. तरीही दावा, वकील, फिर्याद, तक्रार हे शब्द आजही आपल्या तोंडी आहेत. माझा अनुभव सांगतो की माणसाला अन्याय झाला की त्याला जुना, रुळलेला शब्दच आठवतो. 'अभियोग' म्हणून कोणी रडत येत नाही.

घसरण्याचं कारण मला असं दिसतं. निवाडा करणारा पुरावा बघतो तेव्हा त्याच्या लेखी ती हुज्जत प्रमाण असते. पण त्याच चावडीच्या ओट्यावर, दुपारभर ताटकळलेल्या बाकीच्या लोकांना ऐकू येतं ते दोघांचं न संपणारं बोलणं. शब्दाचा अर्थ बहुधा त्या ताटकळलेल्यांनी ठरवला.

'भांडण' शब्दाचा भांड्यांशी संबंध आहे का?

नाही. 'घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच' ही म्हण इतकी चपखल आहे की तसं वाटतं खरं. पण स्वयंपाकघरातलं भांडं संस्कृत 'भाण्ड'वरून आलं आणि भांडणं हे क्रियापद 'भण्ड्' या धातूवरून, ज्याचा अर्थ टोचून बोलणं, टवाळी करणं. पाली भाषेत 'भण्डन' म्हणजे भांडणच. तेव्हा हा शब्द थेट आपल्या घरचा, दोन हजार वर्षांच्या वापरातला. त्याला मागून फारसी 'खोर' लावून 'भांडखोर' केला.

भांडखोर, भांडकुदळ, कजाग, तंटेखोर, कज्जेदलाल: सगळे सारखेच का?

सारखे नाहीत, आणि अर्ज लिहिताना मी यातला एकही दुसऱ्याच्या जागी घालू देत नाही.

भांडखोर चटकन पेटतो, चटकन विझतो. तंटेखोराच्या मागे पुष्कळदा गट असतो, वाडी असते. सरकारने १५ ऑगस्ट २००७ ला गावागावांत मोहीम सुरू केली तिचं नाव 'तंटामुक्त गाव' ठेवलं ते बरोबर होतं. हुज्जतमुक्त गाव कोणालाच करता आलं नसतं. कज्जेदलाल हा माझ्या मते सगळ्यांत वाईट, कारण तो भांडणाची दलाली करतो. दोन भावांत जुंपली की त्याला काम मिळतं. हुज्जतखोर निदान स्वतःचं तोंड वापरतो.

भांडकुदळ आणि कजाग हे शब्द लोक बहुतेक वेळा बाईला लावतात. ते मला मुळीच पटत नाही. हिस्सा मागायला आलेली बहीण पहिल्याच बैठकीत 'कजाग' होते आणि तेच म्हणणारा भाऊ 'हिशेबाला पक्का' ठरतो, हे मी माझ्या टेबलासमोर पाहिलं आहे. कजागचं मूळ मात्र ऐकण्यासारखं आहे. तुर्की 'कझाक' म्हणजे कोणाचा ताबा न मानता मोकळा भटकणारा. फारसीत तो लुटारू झाला आणि मराठीत येऊन घरातली भांडकी बाई. कझाकस्तान या देशाच्या नावात आणि रशियाच्या कोसॅक घोडेस्वारांच्या नावात हाच शब्द आहे.

वाद घालणं आणि हुज्जत घालणं यात फरक काय?

आपल्या न्यायशास्त्राने हा फरक फार पूर्वीच नीट करून ठेवला आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, सांगितले आहेत आणि त्यांत वाद, जल्प आणि वितंडा हे तीन वेगवेगळे आहेत. वादात दोघेही आपापला पक्ष प्रमाणं आणि तर्क देऊन मांडतात आणि खरं काय ते शोधतात. जल्पात जिंकायचं असतं, त्यामुळे छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलताच अर्थ काढणं, वगैरे चालतो. वितंडेत माणूस स्वतःचं काहीच मांडत नाही, समोरच्याचं तेवढं पाडत जातो. 'वितंडवाद' हा रोजच्या मराठीतला शब्द इथूनच आला.

छलाचं जुनं उदाहरण त्या सूत्रांवरच्या भाष्यात आहे. कोणीतरी म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे नवी घोंगडी पांघरलेला. समोरचा लगेच म्हणतो, नऊ घोंगड्या कुठायत, याच्याकडे तर एकच आहे. संस्कृतात 'नव' म्हणजे नवा आणि नऊही. गावच्या बैठकीत बसलेल्या कोणालाही हा माणूस ओळखीचा वाटेल. 'माझ्या आजाने झाड लावलं' म्हटलं की 'कुठल्या आजाने, आईच्या की बापाच्या' असं विचारून अर्धा तास खाणारा तोच.

चांगल्या वादाचं उदाहरणही याच किनाऱ्याचं देतो. विष्णुबुवा ब्रह्मचारी हे आताच्या रायगड जिल्ह्यातल्या शिरवलीचे, जन्म १८२५. त्यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी लोकांसमक्ष वाद केला आणि तो पुढे छापलाही गेला. दोन्ही बाजू बसून बोलल्या, प्रश्नाला उत्तर दिलं गेलं, ऐकायला गर्दी होती. त्याला कोणी हुज्जत म्हणत नाही.

कोकणातली माणसं जात्याच हुज्जतखोर असतात, हे खरं का?

'जात्याच' हा शब्द काढून टाका, मग बोलू.

इथली जमीन बघा. देशावर एका तुकड्यात पाच एकर सहज दिसते. इथे पाच गुंठ्यांत एक गडगा, दोन माड, एक रायवळ आंबा, एक फणस आणि त्यातून जाणारी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, असते. सातबारा उघडला की एकाखाली एक नावं सुरू होतात, त्यातली अर्धी माणसं मुंबईला आणि काही हयातही नसतात. गडगा म्हणजे जांभ्याचे दगड चुना-सिमेंटाशिवाय एकावर एक रचलेले. पावसात तो ढासळतो, आणि दरवर्षी पुन्हा रचताना हातभर इकडेतिकडे होतो. दहा पावसाळ्यांत तो सहज एका माडाएवढा सरकतो, कोणी मुद्दाम सरकवला नाही तरी. अशा ठिकाणी माणूस बोलणार नाही तर काय करणार?

दुसरं कारण जुनं आहे. रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत खोती होती. सारा खोत गोळा करी, कुळाच्या हातात कागद नसे, आणि सगळा व्यवहार खोताच्या शब्दावर चाले. त्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ ते १९३९ असा संप चालवला, जमीन पडीक ठेवली पण कसली नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक आणलं, आणि कायदा झाला १९४९ साली. ज्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या 'कागद कुठाय' हे विचारायची सोय नव्हती, त्यांच्या नातवंडांनी तो प्रश्न जरा जास्त वेळा विचारला, तर मी त्याला स्वभावदोष म्हणणार नाही.

कळलावी नावाच्या फुलाचा भांडणाशी संबंध आहे म्हणतात, तो काय?

आहे, निदान नावापुरता. जुलैपासून गडग्यावर, कुंपणावर चढलेली ती वेल तुम्ही पाहिली असेल. खाली पिवळी, वर तांबडी पाकळी, आगीच्या ज्वाळेसारखी उलटी वळलेली, म्हणून तिला अग्निशिखाही म्हणतात. पानाचं टोक नुसतं निमुळतं नसतं, ते गुंडाळून स्प्रिंगसारखं झालेलं असतं आणि शेजारच्या काटकीला धरून बसतं. हाताने सोडवून पाहा, पान फाटेल पण टोक पकड सोडणार नाही.

ही वेल घरात आणली की भांडणं लागतात, असं आमच्याकडे म्हणतात. 'कळ लावणं' म्हणजे दोघांत जुंपवून देणं, आणि 'कळलाव्या' म्हणजे ते करणारा. नारदाला आपण कळलाव्या म्हणतो तो याच अर्थाने. पण नावाचा दुसरा खुलासाही आहे. बाळंतपणाच्या कळा सुरू करायला हिचा कंद वापरत, म्हणून कळा लावणारी ती कळलावी. संस्कृतात तिला 'गर्भपातिनी' म्हणतात, ते या बाजूने बोलतं. कंद जहरी आहे, पोटात गेला तर माणूस दगावतो, त्यामुळे पोरांना त्यापासून लांब ठेवा. भांडणाची भीती त्यापुढे किरकोळ आहे.

गाऱ्हाणं आणि तक्रार एकच का?

पुण्यामुंबईकडे एकच. कोकणात गाऱ्हाणं देवाला घालतात. शिमग्याला, जत्रेला, नवसाला देवळाच्या सभामंडपात गुरव किंवा मानकरी हात जोडून उभा राहतो, "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरुवात करतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेले सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. गाऱ्हाणं हा शब्द संस्कृत 'गर्हण' म्हणजे दोष देणं यावरून आला. इथे तो दोष देणं सोडून मागणं झाला आहे. हुज्जत प्रमाणावरून खाली उतरली आणि गाऱ्हाणं निंदेवरून वर चढलं. शब्दांचा प्रवास एकाच दिशेने होत नाही याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण हेच.

'पोलिसांशी हुज्जत घातली' अशी बातमी येते. हुज्जत घालणं हा गुन्हा आहे का?

हुज्जत नावाचा गुन्हा कायद्यात नाही. बातमीत तो शब्द असला तरी खाली कलम वेगळंच असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागायला सरकारी नोकरावर हल्ला किंवा फौजदारीपात्र बलप्रयोग व्हावा लागतो. कामात जाणूनबुजून अडथळा आणणं याचं कलम निराळं आहे. कोणत्या नियमाखाली हे, असं नीट विचारणं या दोन्हीत मोडत नाही. विचारताना हात खिशात किंवा मागे ठेवा, एवढं मी माझ्याकडे येणाऱ्यांना नेहमी सांगतो.

अर्जात समोरच्याला हुज्जतखोर लिहावं का?

लिहू नका. तारीख लिहा, काय घडलं ते लिहा. वाट अडवली असेल तर केव्हापासून ते लिहा, कारण मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने वहिवाटीचा हक्क सांगायला वीस वर्षांची अखंड वहिवाट दाखवावी लागते. विशेषणाला मुदत वाढवून मिळत नाही.

पण खरोखर पुरावा मागणाऱ्यालाही लोक हुज्जतखोर म्हणतात. त्याने काय करावं?

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, उभ्या वाडीत हुज्जतखोर म्हणून प्रसिद्ध होते. बैठकीत कोणी काही म्हटलं की त्यांचं ठरलेलं, "कागद दाखव, मग बोल." माणसं त्यांना टाळायची. मालवणकडची माझी मामी आईला हळूच म्हणायची, "तेंच्या तोंडाक लागा नको."

शेजाऱ्याशी गडग्यावरून बिनसलं तेव्हा अण्णांनी मोजणीचे पैसे स्वतः भरले. मोजणीच्या दिवशी सकाळपासून पाऊस भुरभुरत होता. नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून खुणा केल्या, चुना ओल्या मातीत लगेच विरघळत होता म्हणून खुंट्या ठोकल्या. दुपारी शेवटची खुंटी बसली ती आमच्या गडग्याच्या आत, चांगली दीड हात. म्हणजे सरकलेला गडगा आमचा होता.

सगळी वाडी जमली होती आणि सगळे अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. अण्णांनी नकाशा हातात घेतला, चष्मा पुसून दोनदा पाहिला, खुंटीपासून फणसापर्यंतचं अंतर स्वतः टेपने मोजलं. मग काही न बोलता छत्री मिटून बाजूला ठेवली आणि वरचा पहिला दगड उचलला. शेवाळ धरलेली बाजू वर होती, ती त्यांनी तशीच वर ठेवून दगड आत आणला. दुसरा उचलताना शेजारी येऊन दुसऱ्या बाजूने धरायला लागला. अंधार पडेपर्यंत दोघांनी मिळून निम्मा गडगा हलवला, आणि त्या वेळात एक शब्दही बोलले नाहीत.